खाडाखोडीचा अर्धा गुण

प्रिय,

पुढे काय लिहावं ते ठरेना, म्हणून तीनदा लिहून तीनदा खोडलं आहे. ते तुला दिसेलच. आधी 'तज्ज्ञ महाशय' लिहिलं, मग 'दगडोबा', मग नुसतं 'धाकट्या'. माझ्या वर्गात कुणी पेपरात असं केलं असतं तर मी दीड गुण कापला असता. एका खाडाखोडीला अर्धा गुण, हा माझा पस्तीस वर्षांचा नियम. तुला तो आठवत असेल, कारण नोकरी लागायच्याही आधी त्याची तालीम मी स्वयंपाकघरात बसवून तुझ्यावरच केली होती.

मी रागावले आहे हे आधीच सांगून टाकते. सत्राच्या सुरुवातीला तू आमच्या शाळेत आलास आणि 'विचारावर विचार' आणि मेंदू यांवर तीन तास बोललास. शाळेपासून आपलं घर चालत सात मिनिटांवर आहे. बाबा खिडकीपाशी बसले होते, हल्ली ते दिवसभर तिथेच असतात. तू मुख्याध्यापिकाबाईंकडे जेवलास आणि चार वीसच्या बसने परत गेलास. त्या संध्याकाळीही बाबांनी विचारलं, धाकटा आला का? ते रोज विचारतात. त्यांचं विसरणं आता वाढत चाललं आहे, आणि वर्ष संपेपर्यंत ते माणसं ओळखतील याची डॉक्टर हमी देत नाहीत. चौतीस वर्षं तू त्यांच्याशी धड बोलला नाहीस. आई गेली तेव्हाही फाटकाबाहेर उभा राहिलास आणि तिथूनच माघारी वळलास. इतकी वर्षं राग सांभाळायला मेंदूचा कुठला भाग लागतो, तेही त्या दिवशी पडद्यावर दाखवायला हवं होतंस.

तुझं भाषण मी ग्रंथालयात शेवटच्या रांगेत बसून ऐकलं. प्रोजेक्टर नीट लागत नव्हता, त्यामुळे अर्धा तास तुझा तो मेंदू फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा दिसत होता आणि तू मात्र काठीने त्यातले भाग दाखवत होतास. चाळीस मुलांच्या वर्गात सलग सहा तास उभं राहून तुला किती वर्षं झाली रे? उंटावरून शेळ्या हाकायला तुझ्याइतका गोड आवाज असला की लोक उंटाचंही कौतुक करतात. आल्या आल्या तू व्हरांड्यातलं ते मोठं चित्र काढायला लावलंस, डावा मेंदू हिशेबी आणि उजवा मेंदू कलावंत असं दाखवणारं. हे खोटं आहे, असं काही नसतं म्हणालास. चित्रकलेच्या सरांनी दोन सुट्ट्या घालवून ते रंगवलं होतं. ते त्या दिवसापासून आमच्याशी फक्त डाव्या मेंदूने बोलतात.

बाकीचं मात्र मी लिहून घेतलं, चेहऱ्यावर काही दिसू न देता. डोक्यात एका वेळी थोडंच मावतं आणि भीतीने त्यातली निम्मी जागा अडवली की गणिताला जागा उरत नाही, हे लिहून घेतलं. धडा पुन्हा पुन्हा वाचला की आपल्याला तो येतो असं नुसतं वाटतं, पुस्तक मिटून आठवला तर खरं काय ते कळतं, हेही घेतलं. आणि तुझं ते वाक्य, ज्यावर मुख्याध्यापिकाबाईंनी मान डोलावली: "मुलाला येतं का हे विचारू नका. आपल्याला काय येतं ते त्याला कळतं का, ते विचारा." मग तुझा तो कोपरा. पेपर सोडवून झाला की तो देण्याआधी मुलाने वरच्या कोपऱ्यात आपल्याला किती गुण पडतील ते लिहायचं, कोपरा दुमडायचा, पिन मारायची, आणि पेपर तपासून झाल्यावर मुलासमोरच तो उघडायचा. शिक्षकानेही प्रत्येक मुलाबद्दलचा आपला अंदाज आधी वहीत लिहून ठेवायचा. आधी उत्तर, मग कोपरा, ही शिस्त मोडायची नाही, असं तू बजावलंस.

इथवर ठीक होतं. मग तू बाबांना पडद्यावर आणलंस. कात्रीचं एक चित्र आणि खाली एक शर्टाचं बटण. एक शिंपी होता, म्हणालास, चौथीपर्यंत शिकलेला. त्याचा मुलगा चौदा वर्षांचा असताना त्याने ठरवलं की याच्या डोक्यात काही शिरत नाही, आणि त्याला नववीतून काढून दुकानात काज-बटण करायला बसवलं. "आपल्याला काय कळत नाही हेच ज्याला कळत नव्हतं, त्याने माझ्या डोक्याचा निकाल लावला." लोक हसले. त्या हसणाऱ्यांपैकी निम्म्यांचे कपडे त्याच शिंप्याने शिवलेले आहेत, हे तुला ठाऊक नसेल. चहाच्या वेळी व्यायामाचे सर माझ्याजवळ आले आणि हळहळून म्हणाले की असे बाप असतात हो जगात. बाबांनीच शिवलेली पॅंट घालून म्हणाले. आठ वर्षांत तिची शिवण उसवली नाही.

पण मला सगळ्यात जास्त लागलं ते त्यापुढचं. तू म्हणालास, त्या घरात एकच माणूस असं होतं की ज्याने माझी आशा सोडली नाही, ती माझी मोठी बहीण, आणि ती आज इथेच बसली आहे. सगळे मागे वळले. मला उभं राहावं लागलं. पस्तीस वर्षांच्या नोकरीत माझ्यासाठी वाजलेल्या त्या पहिल्याच टाळ्या, आणि त्या एकेक करून तुझ्या तोंडावर परत फेकाव्यात असं मला वाटलं. नंतर फाटकाशी मी तुला गाठलं आणि घरी चल म्हणाले, तेव्हा तू माझा हात हातात घेऊन म्हणालास, "ताई, तुझ्यासाठी कुठेही येईन. त्या माणसासाठी नाही." इतक्या प्रेमाने म्हणालास की मी गप्प बसले. मी गप्प बसण्यात पहिल्यापासूनच तरबेज आहे.

तू गेल्यावर मुख्याध्यापिकाबाईंनी फर्मान काढलं की या सत्रात सगळ्यांनी कोपरा करायचा. बाकीच्यांनी कुरकुर केली. मी केली नाही, कारण माझा बेत वेगळा होता. सातवीची माझी एक्केचाळीस मुलं, सत्रात वीस गुणांच्या नऊ चाचण्या, एकही नोंद न गाळता वही भरायची आणि सत्राच्या शेवटी टपालाने तुझ्या तोंडावर मारायची: हे घे तुझं शास्त्र, पालथ्या घड्यावर पाणी. माझ्या रकान्याची तर मला काळजीच नव्हती. मूल दारातून आत आलं की त्याला किती पडणार हे मला चालण्यावरून कळतं, असं मी नव्या शिक्षिकांना कैक वर्षं सांगत आले आहे.

पहिल्या चाचणीत आमच्या मॉनिटरने कोपऱ्यात वीस लिहिले आणि त्याला अकरा पडले. कोपरा उघडला तेव्हा तो रडवेला होऊन म्हणाला की वाचताना तर सगळं येत होतं. मला मनातून बरं वाटलं, तुझं पितळ उघडं पडलं म्हणून. पण चौथ्या चाचणीपर्यंत तो पुस्तक मिटून अभ्यास करायला लागला, कोपऱ्यात तेरा लिहून चौदा मिळवले, आणि शेवटच्या चाचणीत सतरा लिहून सतरा. अशी आणखी बरीच निघाली. मग मी माझा रकाना तपासला. एक्केचाळीसपैकी जेमतेम एकोणीस मुलांचे गुण मी दोनच्या फरकाने ओळखू शकले होते. उरलेल्यांच्या बाबतीत मी गुण ओळखत नव्हते, मुलांचे कपडे, अक्षर आणि मोठी भावंडं ओळखत होते. मुख्याध्यापिकाबाईंनी वही मागितली तेव्हा मी मुलांच्या रकान्यांची नक्कल करून दिली. माझा रकाना त्यात उतरवला नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आणि मग ती मुलगी. खिडकीकडच्या रांगेत तिसऱ्या बाकावर बसते, विचारल्याशिवाय बोलत नाही, आणि विचारलं तरी मूग गिळून बसते. तिच्याबद्दल माझा अंदाज नऊच्या नऊ वेळा सहा होता. तिला पडत होते पंधरा, सोळा, एकदा साडेसोळा. एखाद्या शहाण्या बाईने तिसऱ्या खेपेला तरी अंदाज बदलला असता. मी म्हणत राहिले की शेजारणीचं बघून लिहीत असेल, आणि तिला एकटीला पहिल्या बाकावर बसवलं. तिथे तिला सतरा पडले. पण खरी गंमत तिच्या कोपऱ्यात होती. ती दर वेळी तिथे शून्य लिहायची. फार तर दोन. एका दुपारी मी तिला शिक्षकखोलीत बोलावलं, तिचे नऊही पेपर टेबलावर मांडले आणि विचारलं की सोळा पडणारी मुलगी शून्य का लिहिते. तिने पिनांची डबी बोटाने थोडी सरकवली. मग म्हणाली, "बाई, ज्याला येतं तो खोडत नाही, असं तुम्हीच सांगता ना. मी तर प्रत्येक गणित खोडते."

ती गेल्यावर मी तिचे पेपर खिडकीच्या काचेवर धरले. उजेडात खोडलेलं सगळं दिसतं. अडतीस लिहिलं होतं, खोडलं होतं, बाजूला पुसट अक्षरांत उलटा गुणाकार करून पाहिला होता, अठ्ठेचाळीस लिहिलं, तेही खोडलं, पुन्हा उलटा गुणाकार, पुन्हा अडतीस. पानामागून पान हेच. ती पोर खोडत नव्हती, तपासत होती. आपलं उत्तर आपल्याला खरंच आलं आहे का, हे ती कुणी न शिकवता स्वतःला विचारत होती. जे शिकवायला तू प्रोजेक्टर घेऊन इतक्या लांबून आलास, ते माझ्या तिसऱ्या बाकावर फुकट बसलेलं होतं, आणि मी त्याचा दर खेपेला अर्धा अर्धा गुण कापत होते. दुसऱ्या दिवशी मी वर्गात जाहीर केलं की खोडायचं असेल तर एकच रेघ मारा, पहिलं उत्तर मला दिसू दे, आणि का खोडलंत ते सांगता आलं तर अर्धा गुण जास्त. मॉनिटरने हात वर करून विचारलं की बाई, हा तुमचा डाव आहे का. पस्तीस वर्षांत कमावलेली पत ती हीच.

आता बाबांचं. गळ्यात अजून टेप असते. दूधवाला आला तरी त्याच्या खांद्याचं माप घेतात, तोही बिचारा हात पसरून उभा राहतो. मला कधी आईच्या नावाने हाक मारतात, कधी 'बाई' म्हणतात, गिऱ्हाईक समजून. सकाळी काय खाल्लं ते दुपारी सांगता येत नाही. पण धाकटा आला का, असं विचारून झालं की स्वतःशीच पुटपुटतात, छाती अठ्ठावीस, गळा साडेबारा. ते तुझं चौदाव्या वर्षीचं माप आहे. टेबलावर खडूने रेघ मारतात, तळहाताने पुसतात, पुन्हा थोडी डावीकडे मारतात. कापड नसतं, नुसतं टेबल. परवा दुपारी ते असेच रेघा मारत बसले होते, म्हणून मी त्यांचं दुकानातून घरी आणलेलं जुनं कपाट आवरायला घेतलं. कागदी नमुन्यांच्या गुंडाळ्यांखाली, मऊ फडक्यात बांधलेली एक वही निघाली. तुझी नववीची गणिताची वही. रबर घासून घासून पानांना भोकं पडलेली तीच.

त्या वहीवरून तुझा निकाल लागला, आणि तो बाबांनी लावला नाही. मी लावला. हे लिहायला मला अकरा परिच्छेद लागले आणि छत्तीस वर्षं. तू दोन चाचण्यांत नापास झालास, दोन्ही वेळा पेपर अर्धाच सोडवून आलास, तेव्हा बाबांनी मला विचारलं, कारण घरात शिकलेली मीच होते, एकवीस वर्षांची, शिक्षिका होण्याच्या कोर्सला जाऊन तीन महिने झालेली. मी ही वही आणली, पान दिव्यासमोर धरलं आणि भोकं दाखवून म्हणाले की ज्याला येतं तो इतकं खोडत नाही, याच्या डोक्यात शिरत नाही, उगाच वर्ष वाया घालवू नका. बाबा म्हणाले, "मीही खडूची रेघ दहादा पुसतोच की." मी हसले आणि म्हणाले की कापड वेगळं आणि गणित वेगळं. मग चौथी शिकलेल्या त्या माणसाने मला जे विचारलं, ते तुझ्या कुठल्याही कोर्समध्ये याहून नीट विचारत नसतील. "तुला किती खात्री आहे?" मी म्हणाले, शंभर टक्के. दोन वर्षांनी तू घर सोडून मामांकडे शिकायला गेलास, तेव्हा तुला खरं सांगायचं म्हणून मी पत्र लिहायला बसले होते. बाबांनी कागद काढून घेतला. म्हणाले, "त्याला माझ्यावर रागावू दे. मी आज आहे, उद्या नाही. तुम्हां दोघांना एकमेकांशी जन्म काढायचाय." मी लगेच ऐकलं. इतक्या पटकन मी त्यांचं दुसरं काहीच ऐकलेलं नाही. तू त्यांना पडद्यावर उभं केलंस तेव्हा मला जो संताप आला तो त्यांच्यासाठी होता असं मी सत्रभर स्वतःला बजावलं, पण खाई त्याला खवखवे. आपल्याला काय कळत नाही हेच जिला कळत नव्हतं, ती शेवटच्या रांगेत उभी राहून तुझ्या टाळ्या घेत होती. तुझा निकाल लावला त्या दिवशी मी वहीतली भोकं मोजली होती, उत्तरं तपासली नव्हती. ती परवा लाल पेनने तपासली. भोकांच्या त्या पानावर चोवीस गणितं आहेत, शेवटी ठेवलेली एकवीस उत्तरं बरोबर आहेत. ते पान सोबत पाठवते आहे. राग सोडू नकोस, सोडवणारही नाही, फक्त त्याचा पत्ता बदल. बाबांच्या गळ्यात टेप आहे तोवर ये, आणि छाती अठ्ठावीस राहिली नाही हे त्यांना एकदा मोजू दे. पानाचा वरचा कोपरा मी दुमडून पिन मारली आहे. तू येशील की नाही, याबद्दलचा माझा अंदाज आत लिहिला आहे. नियम तुझाच, आधी तुझं उत्तर लिही, मग कोपरा उघड. आत एक शब्द रेघ मारून खोडलेला दिसेल आणि त्याच्या शेजारी दुसरा. अर्धा गुण कापू नकोस.

टाळ्या परत करणारी, तरीही तुझीच,
ताई